ओतीव आणि घडीव स्टेनलेस स्टील: टेस्ट सर्टिफिकेट समोर ठेवून रासायनिक फरक कसे तपासावेत

फाउंड्रीतून व्हॉल्व्हची बॉडी येते. तिच्यावर सीएफ८एम अशी उठावाची अक्षरं असतात. पर्चेस ऑर्डरमध्ये मात्र नुसतं 'एसएस ३१६' लिहिलेलं असतं. इनकमिंग इन्स्पेक्शनला पीएमआय गन (धातूतले घटक जागेवर मोजणारं हातातलं यंत्र) लावली की पडद्यावर क्रोमियम १९.४ आणि निकेल ९.६ दिसतं. भिंतीवरच्या तक्त्यात ३१६ साठी क्रोमियम १६ ते १८ आणि निकेल १० ते १४ छापलेलं असतं. दोन्ही आकडे हद्दीबाहेर, म्हणून माल रिजेक्ट होतो. प्रत्यक्षात त्या कास्टिंगमध्ये काहीही खोट नसते. तक्ता घडीव (ठोकून-दाबून घडवलेल्या) मालाचा आणि वस्तू ओतीव (साच्यात ओतलेली), एवढंच झालेलं असतं.

याच्या उलटही घडतं आणि ते जास्त धोक्याचं आहे. आकडे हद्दीत बसले म्हणून कास्टिंग पास होतं. पण त्यातलं फेराइट (धातूची चुंबकाला लागणारी अंतर्गत रचना) किती, सोल्यूशन अ‍ॅनीलिंग (खूप तापवून पाण्यात झटकन विझवणं) झालं का, पृष्ठभागावर कार्बन वाढला का, हे कुणी विचारत नाही. व्हॉल्व्ह, पंप आणि फिटिंगच्या कामात असलेल्या, खरेदी किंवा क्वालिटी सांभाळणाऱ्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या डिप्लोमा-इंजिनिअर मित्रांसाठी हा लेख आहे. क्रमाने करत गेलात तर सर्टिफिकेट हातात आल्यावर पुढच्या अर्ध्या तासात तुम्हाला ठाम मत देता येईल.

पायरी १: आधी नाव वाचा, आकडे नंतर

घडीव मालाची नावं बहुतेकांना पाठ असतात: ३०४, ३१६, ३१६एल, ४१०. फोर्जिंगसाठी एएसटीएम या मानक संस्थेच्या ए१८२ मध्ये यातल्या ३०० मालिकेच्या आकड्यांआधी एफ लागतो आणि एफ३०४, एफ३१६एल अशी नावं होतात. कास्टिंगची नावं वेगळ्या घरातून आली. अमेरिकेतल्या अलॉय कास्टिंग इन्स्टिट्यूटने ती पद्धत घालून दिली आणि एएसटीएमने ती उचलली.

या पद्धतीत पहिलं अक्षर सी असेल तर गंजरोधक काम, एच असेल तर उष्णतेचं काम. दुसरं अक्षर क्रोमियम-निकेलची जोडी सांगतं आणि ए कडून पुढे जाताना निकेल साधारणपणे वाढत जातं. ए म्हणजे बारा-तेरा टक्के क्रोमियम आणि निकेल थोडंच. एफ म्हणजे सुमारे १९ क्रोमियम, ९ ते १० निकेल. के म्हणजे २५-२०. एन पर्यंत गेलं की निकेल २८-३० टक्क्यांच्या आसपास. सी मालिकेत यानंतरचा आकडा जास्तीत जास्त कार्बन शतांशात सांगतो: ८ म्हणजे ०.०८ टक्के, ३ म्हणजे ०.०३ टक्के. शेवटची अक्षरं जोडधातूंची. एम म्हणजे मॉलिब्डेनम, एन म्हणजे नायट्रोजन, आणि सी म्हणजे नायोबियम, कारण त्याचं जुनं नाव कोलंबियम.

म्हणून सीएफ८एम हे नाव उलगडलं तर: गंजरोधक, १९-९ गटातलं, कार्बन ०.०८ पर्यंत, मॉलिब्डेनमयुक्त. त्यातल्या एफ चा फोर्जिंगशी काही संबंध नाही. नवीन मुलं इथे हमखास घोटाळा करतात.

नावानंतर स्पेसिफिकेशनचा क्रमांक बघा. प्रेशर झेलणाऱ्या भागांसाठी ए३५१, सर्वसाधारण गंजरोधक कामासाठी ए७४३, कडक गंजाच्या कामासाठी ए७४४, फेराइट जवळजवळ निम्मं असलेल्या डुप्लेक्ससाठी ए८९० आणि ए९९५. ग्रेड तोच असला तरी स्पेसिफिकेशन बदललं की मर्यादा थोड्या सरकतात. सीएफ८एम मध्ये सिलिकॉनची मर्यादा ए३५१ मध्ये १.५० आहे, तर ए७४३ मध्ये २.०० आहे. सर्टिफिकेटवर नुसतं 'सीएफ८एम' असेल आणि स्पेसिफिकेशनचा क्रमांक नसेल, तर ते सर्टिफिकेट अपुरं आहे. परत पाठवा.

युरोपीय ड्रॉईंग असेल तर कोड आणखी वेगळे. ओतीव १.४४०८ आणि घडीव १.४४०१ ही तिथली जोडी, तसंच ओतीव १.४३०८ आणि घडीव १.४३०१. तिथेही ओतीव प्रकारात क्रोमियम जास्त: १.४४०८ मध्ये १८ ते २०, आणि १.४४०१ मध्ये १६.५ ते १८.५.

पायरी २: दोन्ही मर्यादा शेजारी शेजारी मांडा

एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे ए३५१ सीएफ८एम, उजवीकडे ए१८२ एफ३१६.

- कार्बन: दोन्हीकडे ०.०८ पर्यंत
- मँगनीज: ओतीव १.५० पर्यंत, घडीव २.०० पर्यंत
- सिलिकॉन: ओतीव १.५० पर्यंत, घडीव १.०० पर्यंत
- फॉस्फरस: ओतीव ०.०४० पर्यंत, घडीव ०.०४५ पर्यंत
- गंधक: ओतीव ०.०४० पर्यंत, घडीव ०.०३० पर्यंत
- क्रोमियम: ओतीव १८.० ते २१.०, घडीव १६.० ते १८.०
- निकेल: ओतीव ९.० ते १२.०, घडीव १०.० ते १४.०
- मॉलिब्डेनम: दोन्हीकडे २.० ते ३.०

क्रोमियमची ओळ पुन्हा बघा. दोन्ही पट्टे फक्त १८.० या एका बिंदूवर भेटतात. म्हणजे उत्तम सीएफ८एम हे जवळजवळ नेहमीच ३१६ च्या तक्त्यात नापास होणार. बाजारात मिळणारा ३१६ चा बारही बहुतेक वेळा क्रोमियम साडेसोळा-सतरा आणि निकेल दहाच्या जरा वर असाच असतो, कारण निकेल महाग आणि गिरणी खालच्या कडेला चिकटून चालते. त्यामुळे दोन खऱ्या वस्तूंच्या वाचनात तीन टक्के क्रोमियमचा फरक दिसणं अगदी स्वाभाविक आहे.

३०४ आणि सीएफ८ च्या जोडीत हा घोळ फारसा जाणवत नाही. एफ३०४ मध्ये क्रोमियम १८ ते २०, निकेल ८ ते ११. सीएफ८ मध्ये क्रोमियम १८ ते २१, निकेल ८ ते ११. ठळक फरक सिलिकॉनचा: घडीव १.०० पर्यंत, ओतीव २.०० पर्यंत. म्हणून ३०४ वर हात बसलेला इन्स्पेक्टर ३१६ ला येऊन अडखळतो.

एल ग्रेडमध्ये आणखी एक बारीक फट आहे. सीएफ३एम मध्ये क्रोमियम १७ ते २१ आणि निकेल ९ ते १३ चालतं. फोर्जिंगमध्ये एफ३१६/३१६एल असा दुहेरी शिक्का सर्रास असतो, त्यामुळे कास्टिंगलाही 'सीएफ८एम/सीएफ३एम' असं सहज लिहिलं जातं. पण क्रोमियम १७.५ असलेली हीट (एका वेळी वितळवलेला घाणा) सीएफ३एम म्हणून पास आणि सीएफ८एम म्हणून नापास आहे. दुहेरी दावा असेल तर दोन्ही रकाने वेगवेगळे तपासा.

पायरी ३: फरक का ठेवला आहे हे समजून घ्या

हा भाग वगळू नका. कारण कळलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत, आणि फाउंड्रीवाल्याशी बोलताना तुमचं म्हणणं त्याला पटतं.

ओतीव वस्तूला द्रव अवस्थेतून थेट शेवटचा आकार घ्यायचा असतो. पातळ भिंती, कोपरे, आतले मार्ग, सगळीकडे धातू पोहोचला पाहिजे. सिलिकॉनमुळे धातू प्रवाही राहतो आणि त्यातला ऑक्सिजनही निघतो. म्हणून कास्टिंगमध्ये सिलिकॉनला सूट जास्त. घडीव मालात पिंड किंवा सळई साध्याच आकाराची असते, तिथे त्याची तेवढी गरज नसते. ए२४० च्या प्लेटमध्ये तर ३१६ साठी सिलिकॉन ०.७५ वरच थांबवलं आहे.

पण खरी गोष्ट फेराइटची आहे. स्टेनलेस घट्ट होताना शेवटचा थोडा द्रव कणांच्या फटींत उरतो. गंधक आणि फॉस्फरस त्याच द्रवात गोळा होतात, आणि त्यांच्यामुळे तो थर आणखी खालच्या तापमानापर्यंत पातळच राहतो. तेवढ्यात कास्टिंग आकसू लागतं, साचा त्याला अडवतो आणि त्या थरावर तडा जातो. फाउंड्रीत याला हॉट टिअर म्हणतात. धातू पूर्णपणे ऑस्टेनाइट (स्टेनलेसची दुसरी, चुंबकाला न लागणारी रचना) म्हणून घट्ट होत असेल तर हा धोका सर्वात मोठा. आधी फेराइट तयार होत असेल तर गंधक-फॉस्फरस त्यात जास्त प्रमाणात विरघळतात, फटींतला द्रव कमी दूषित राहतो आणि तडे टळतात. वेल्डिंगच्या जोडातही नेमकं हेच घडतं, म्हणून चांगली ३१६एल वेल्डिंग रॉडसुद्धा काही टक्के फेराइट देईल अशीच बनवतात.

म्हणून सीएफ मालिकेचं रसायन मुद्दाम असं जुळवलं आहे की खोलीच्या तापमानाला साधारण ५ ते २० टक्के फेराइट उरावं. क्रोमियम, सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम फेराइटच्या बाजूचे. निकेल, कार्बन, नायट्रोजन आणि मँगनीज ऑस्टेनाइटच्या बाजूचे. एका बाजूचं वाढवलं, दुसऱ्या बाजूचं कमी केलं, की झालं.

फोर्जिंगचं गणित नेमकं उलट. पिंड अकराशे-बाराशे अंशांना तापवून हातोड्याखाली किंवा प्रेसमध्ये दाबायचा असतो. त्या तापमानाला फेराइट मऊ आणि ऑस्टेनाइट कणखर असतं. दोन्ही शेजारी असले की सगळा ताण मऊ भागात साठतो, सीमेवर भेगा पडतात, कडा फाटतात. म्हणून घडीव ३१६ मध्ये क्रोमियम खाली आणि निकेल वर ठेवून फेराइट जवळजवळ नाहीसं केलं जातं. ओतताना जो घटक तारतो तोच घडताना मारतो. मर्यादांमधला सगळा फरक इथून निघतो.

यातूनच चुंबकाचा प्रश्न सुटतो. सीएफ८ किंवा सीएफ८एम च्या बॉडीला चुंबक हलकासा ओढतो आणि गिऱ्हाईक 'माल नकली आहे' म्हणून परत पाठवतं. तो ओढा फेराइटचा आहे आणि तो असायलाच हवा. शिवाय थंड अवस्थेत वाकवलेल्या किंवा खेचलेल्या ३०४ लाही चुंबक लागतो. चुंबकाने ३०४ आणि ३१६ वेगळे होत नाहीत, खरं-खोटंही ठरत नाही.

पायरी ४: फेराइटचा अंदाज कागदावर काढा

एएसटीएम ए८०० मध्ये यासाठी शेफर आलेख दिला आहे. त्यासाठी एक गुणोत्तर काढायचं असतं.

वरची रक्कम: क्रोमियम + १.५ × सिलिकॉन + १.४ × मॉलिब्डेनम + नायोबियम − ४.९९

खालची रक्कम: निकेल + ३० × कार्बन + ०.५ × मँगनीज + २६ × (नायट्रोजन − ०.०२) + २.७७

आता एक सीएफ८एम हीट घ्या: कार्बन ०.०५, सिलिकॉन १.२, मँगनीज ०.९, क्रोमियम १९.५, निकेल ९.८, मॉलिब्डेनम २.३, नायट्रोजन ०.०५. वर येतात १९.५३, खाली १५.३०. गुणोत्तर १.२८. आलेखावर हे ढोबळमानाने दहा ते पंधरा टक्के फेराइटच्या पट्ट्यात पडतं. कास्टिंग म्हणून हे छान आहे.

३१६ चा बार घ्या: कार्बन ०.०५, सिलिकॉन ०.५, मँगनीज १.५, क्रोमियम १६.८, निकेल १०.५, मॉलिब्डेनम २.१, नायट्रोजन ०.०५. वर १५.५०, खाली १६.३०. गुणोत्तर ०.९५. फेराइट नगण्य. घडाईसाठी हेच हवं.

आता महत्त्वाचं. सीएफ८एम च्या मर्यादेतच राहून क्रोमियम १८, निकेल १२, सिलिकॉन १.० आणि मॉलिब्डेनम २.० ठेवलं, तर गुणोत्तर एकच्या खाली जातं आणि हॉट टिअरचा धोका उभा राहतो. उलट क्रोमियम २१, निकेल ९, मॉलिब्डेनम ३, कार्बन ०.०३ ठेवलं तर ते दीडच्याही वर जातं. दोन्ही हीट 'पास' आहेत, पण वागणूक पार वेगळी. म्हणून काम नाजूक असेल तर फक्त ग्रेड मागू नका. फेराइटची मर्यादा वेगळी लिहा, उदाहरणार्थ ५ ते १५ टक्के, आणि फेराइटस्कोपने प्रत्यक्ष वस्तूवर मोजायला सांगा. नायट्रोजन सर्टिफिकेटवर नसेल तर तोही मागा. २६ ने गुणला जाणारा घटक अंदाजावर सोडून चालत नाही.

फेराइट कुठे नको? सर्वात ठळक उदाहरण युरियाचं. थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्ससारख्या युरिया कारखान्यांत अमोनियम कार्बामेट हाताळणाऱ्या भागांसाठी खास युरिया ग्रेडचं ३१६एल लागतं. कार्बामेट फेराइट निवडून खातं, म्हणून तिथे फेराइट अर्ध्या-पाऊण टक्क्याच्याही खाली ठेवावं लागतं. तिथे नेहमीचं सीएफ३एम चालणार नाही, घडीवच हवं. दुसरं ठिकाण दीर्घकाळ गरम राहणाऱ्या भागांचं. सुमारे ३०० अंशांना वर्षानुवर्षं राहिलेल्या कास्टिंगमधलं फेराइट हळूहळू ठिसूळ होतं. मॉलिब्डेनम असलेल्या ग्रेडमध्ये हे जास्त होतं, त्यामुळे अणुभट्टीतल्या पाइपिंग-पंपांसाठी फेराइटला वरची मर्यादा घालतात. ६०० ते ९०० अंशांच्या पट्ट्यात तर फेराइटचं सिग्मा नावाच्या ठिसूळ रचनेत रूपांतर होतं आणि कणखरपणा वेगाने घसरतो.

पायरी ५: कार्बन कुठून आला ते विचारा

मोठ्या स्टील प्लांटमध्ये १९६८ नंतर आर्गन-ऑक्सिजन पद्धत, म्हणजे एओडी, आली आणि ०.०३ च्या खाली कार्बन नेणं स्वस्त झालं. आज घडीव ३१६एल बार किंवा बिलेट घेतलं तर ते बहुधा याच वाटेने आलेलं असतं. लहान फाउंड्रीत मात्र इंडक्शन फर्नेस असते. ती वितळवते, कार्बन काढत नाही. भट्टीत जे टाकाल तेच साच्यात येतं. म्हणून इंडक्शन फर्नेसवर सीएफ३एम करायचं तर चार्ज स्वच्छ हवा: एल ग्रेडचं ओळखीचं भंगार आणि कमी कार्बनचं फेरोक्रोम. तेलकट टर्निंग किंवा सरमिसळ भंगार घातलं की ०.०३ हातातून निसटतं.

दुसरा कार्बन साच्यातून येतो. फ्युरान किंवा तत्सम रेझिनने बांधलेल्या वाळूत, शेल मोल्डमध्ये, फोम पॅटर्नमध्ये, तापल्यावर सेंद्रिय पदार्थ जळतो आणि त्याचा कार्बन धातूच्या वरच्या थरात शिरतो. लॅडलमधून (ओतायच्या बादलीतून) घेतलेल्या बटणाचं, म्हणजे छोट्या नमुन्याचं, स्पेक्ट्रो वाचन ०.०२६ असतं आणि ओतलेल्या बॉडीच्या त्वचेवर कार्बन ०.०३ च्या वर गेलेला असू शकतो. द्रवाला भिडणारा पृष्ठभाग न मशीन करता तसाच राहणार असेल तर वस्तूवरचं वाचन वेगळं मागा. सर्टिफिकेटवर 'हीट अ‍ॅनालिसिस' आणि 'प्रॉडक्ट अ‍ॅनालिसिस' हे दोन वेगळे शब्द असतात: पहिला वितळलेल्या धातूच्या नमुन्याचा, दुसरा तयार वस्तूचा. तुमच्याकडे कोणतं आलंय ते बघा.

टायटॅनियमची गोष्टही इथेच येते. घडीव ३२१ ला सर्वपरिचित ओतीव जोडीदार नाही, कारण उघड्या हवेत ओतताना टायटॅनियम जळून जातं आणि धातूत नेमकं किती उरेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे ड्रॉईंगवर ३२१ असेल आणि वस्तू ओतायची असेल, तर नायोबियमयुक्त सीएफ८सी सुचवतात, जो ३४७ चा जोडीदार आहे. हा बदल डिझायनरच्या लेखी मंजुरीनेच करा.

पायरी ६: पीएमआय गन नीट वापरा

गनच्या ग्रेड लायब्ररीत सीएफ८एम, सीएफ३एम आहेत का ते आधी बघा. नसतील तर 'जुळत नाही' असा निकाल येणारच. अशा वेळी ग्रेडच्या नावाकडे दुर्लक्ष करून टक्केवारी लिहून घ्या आणि तुमच्या डाव्या रकान्याशी ताडा.

कास्टिंगची त्वचा खरबरीत असते. तिच्यावर वाळू असते, शॉट ब्लास्टिंगचे लोखंडी कण रुतलेले असतात. तिथेच गन लावली तर लोखंड आणि सिलिकॉनचं वाचन चुकतं. स्टेनलेससाठी राखून ठेवलेल्या चाकाने रुपयाएवढी जागा ग्राइंड करा, पुसा, मग दोन-तीन ठिकाणी वाचन घ्या.

एक्सरे फ्लूरोसन्सच्या गनला कार्बन दिसत नाही. त्यामुळे ३१६ की ३१६एल, सीएफ८एम की सीएफ३एम हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी ऑप्टिकल स्पेक्ट्रोमीटर किंवा कार्बन वाचणारं लेझर यंत्र लागतं. नुसत्या एक्सरे गनच्या रिपोर्टवर 'एल ग्रेड निश्चित' असं लिहिलेलं दिसलं, तर तो रिपोर्ट स्वीकारू नका.

पायरी ७: रसायनापलीकडच्या ओळी

हीट ट्रीटमेंटची ओळ सर्वात आधी. साच्यात हळूहळू निवताना कणांच्या सीमांवर क्रोमियम कार्बाइड जमतं आणि गंजरोधकता जाते. ती परत मिळवायला सीएफ८, सीएफ८एम ला कमीत कमी १०४० अंशांना तापवून पाण्यात विझवावं लागतं. रसायन कितीही अचूक असलं तरी हे झालं नसेल तर माल अपुराच आहे. भट्टीचा तापमान-वेळ आलेख मागा. सर्टिफिकेटवरच्या एका शब्दावर समाधान मानू नका.

ताकदीच्या आकड्यांत एक विशेष दिसतं. एफ३१६ ला किमान टेन्साइल (तुटेपर्यंतची ताकद) ५१५ मेगापास्कल, सीएफ८एम ला ४८५. यील्ड (कायमचा आकार बदलू लागतो ती ताकद) दोघांनाही २०५. पण एल ग्रेडमध्ये एफ३१६एल ची यील्ड १७० वर येते आणि सीएफ३एम ची २०५ च राहते. फेराइट तिथे ताकद धरून ठेवतं. म्हणून व्हॉल्व्हच्या एएसएमई बी१६.३४ या मानकात सीएफ३एम हे सीएफ८एम आणि एफ३१६ च्या गटात बसवलं आहे आणि एफ३१६एल खालच्या गटात. पाइपलाइनचं रेटिंग काढताना हे उपयोगी पडतं.

तरीही सरसकट 'कास्टिंग बलवान' असं समजू नका. आत आकुंचनाची पोकळी, वायूचे बुडबुडे, वाळू असू शकते. पाइपिंगच्या एएसएमई बी३१.३ या मानकात कास्टिंगला मुळात ०.८० चा गुणवत्ता गुणक लावतात. एक्सरे आणि पृष्ठभागाची तपासणी दोन्ही केली तर तो १.०० पर्यंत नेता येतो. फोर्जिंगला सुरुवातीलाच १.०० असतो. जाड ऑस्टेनिटिक कास्टिंगमध्ये अल्ट्रासॉनिकवर विसंबू नका. मोठे खांबासारखे कण ध्वनी विखरून टाकतात, तिथे रेडिओग्राफीच बरी.

आणि फोर्जिंगच्या नावाखाली बारमधून कापलेला फ्लँज आला तर? ए१८२ मध्ये फ्लँज, एल्बो, टी सरळ बारमधून मशीन करायला मनाई आहे. रसायन तंतोतंत जुळेल, पण धातूच्या तंतूंची दिशा आणि मधल्या रेषेतला दोष तसाच राहील. स्पेक्ट्रोवर हे कधीच दिसत नाही.

गंजाचा हिशेबही कागदावर फसवतो. क्रोमियम + ३.३ × मॉलिब्डेनम + १६ × नायट्रोजन हा पिटिंगचा (खड्डे पाडणाऱ्या गंजाचा) निर्देशांक वरच्या सीएफ८एम साठी सुमारे २८ येतो आणि ३१६ च्या बारसाठी साडेचोवीस. पण ओतीव धातूत मॉलिब्डेनम सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. आधी घट्ट झालेल्या गाभ्यात कमी, नंतरच्या भागात जास्त. शिवाय फेराइट आपल्याकडे क्रोमियम-मॉलिब्डेनम ओढून घेतं. पिटिंग सर्वात गरीब ठिकाणी सुरू होतं, सरासरीवर नाही. घडीव मालात वारंवार तापवणं आणि दाबणं यामुळे ही विषमता बरीच मोडते. सहा टक्के मॉलिब्डेनमच्या सीके३एमसीयूएन मध्ये तर म्हणूनच ११५० अंशांच्या घरात तापवावं लागतं.

बाकीची कुटुंबं, थोडक्यात

डुप्लेक्समध्ये दोन्ही प्रकार खूप जवळ येतात, कारण इथे अर्ध्याच्या आसपास फेराइट दोघांनाही हवं असतं. सीडी३एमएन मध्ये क्रोमियम २१ ते २३.५, निकेल ४.५ ते ६.५, मॉलिब्डेनम २.५ ते ३.५. एफ५१ मध्ये क्रोमियम २१ ते २३, बाकी दोन तेच. फरक मुख्यतः नायट्रोजनचा: ओतीव ०.१० ते ०.३०, घडीव ०.०८ ते ०.२०.

मार्टेन्सिटिकमध्ये (तापवून थंड केल्यावर कडक होणाऱ्या गटात) ४१० चा जोडीदार सीए१५. तो वेल्ड करताना फार त्रास देतो. त्याच्यावर उपाय म्हणून कार्बन ०.०६ पर्यंत खाली आणून ३.५ ते ४.५ निकेल आणि ०.४ ते १.० मॉलिब्डेनम घातलेलं सीए६एनएम आलं, जे जलविद्युत टर्बाइनच्या रनरसाठी आज नेहमीचं झालं आहे. इथे गंमत अशी की ओतीव ग्रेड प्रसिद्ध आणि घडीव एफ६एनएम त्याच्या मागून चालणारा.

१७-४ पीएच या तांबं घालून कडक करायच्या ग्रेडमध्ये तांबं बघा: घडीव ३.० ते ५.०, ओतीव सीबी७सीयू-१ मध्ये २.५ ते ३.२. ३.८ टक्के तांब्याची हीट ओतीव म्हणून नापास.

सर्वात मोठं अंतर उष्णतेच्या ग्रेडमध्ये आहे. घडीव ३१० एस मध्ये कार्बन ०.०८ पर्यंत, आणि त्याच क्रोमियम-निकेलच्या ओतीव एचके४० मध्ये ०.३५ ते ०.४५. खत कारखान्यांतल्या रिफॉर्मरच्या नळ्या सेंट्रिफ्यूगल कास्टिंगने बनवतात आणि तिथे कार्बाइडचं जाळंच धातूला वर्षानुवर्षं ताणाखाली सरकू देत नाही. इतका कार्बन घालून पिंड घडायला गेलात तर तो फुटेल. '३१० ची नळी आहे, बदलून टाका' असं कुणी सुचवलं तर तिथेच थांबवा.

पायरी ८: ऑर्डर आणि वेल्डिंग

ऑर्डरमध्ये 'एसएस ३१६ कास्टिंग' असं कधीच लिहू नका. असं लिहा: एएसटीएम ए३५१ सीएफ३एम, सोल्यूशन अ‍ॅनील किमान १०४० अंश आणि पाण्यात क्वेंच, फेराइट ५ ते १५ टक्के ए८०० प्रमाणे, नायट्रोजनसह हीट अ‍ॅनालिसिस, भट्टीचा आलेख, प्रेशर भागाची रेडिओग्राफी आणि पेनिट्रंट (पृष्ठभागावरच्या भेगा रंगाने दाखवणारी) चाचणी. फोर्जिंगसाठी: एएसटीएम ए१८२ एफ३१६/३१६एल, दुहेरी प्रमाणित, बारमधून मशीन केलेलं नको. कडक गंजाचं काम असेल तर दोन्हीकडे ए२६२ प्रमाणे इंटरग्रॅन्युलर (कणांच्या सीमांवरच्या गंजाची) चाचणी जोडा.

सीएफ८एम ची बॉडी ३१६एल च्या पाइपला जोडताना ३१६एल रॉड वापरा. जोडात कार्बन कमी राहतो आणि पुरेसं फेराइट मिळतं. फाउंड्रीत दोष खोदून वेल्डने भरला असेल तर तो अ‍ॅनीलिंगच्या आधी की नंतर हे लेखी मागा. मोठी दुरुस्ती अ‍ॅनीलिंगनंतर झाली असेल, तर पुन्हा १०४० अंशांची फेरी आणि पाणी, आणि त्याचा वेगळा आलेख. इन्स्पेक्शनच्या भिंतीवर ३१६ च्या तक्त्याशेजारी सीएफ८एम आणि सीएफ३एम चा तक्ता स्पेसिफिकेशन क्रमांकासह लावा, आणि गनच्या लायब्ररीत दोन्ही ग्रेड भरून घ्या.